पद्मिनीचा पीळ

निवृत्तीच्या दिवशी कचेरीतील सहकाऱ्यांनी शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचे घड्याळ देऊन मला निरोप दिला, आणि त्याच महिन्यात मुंबईच्या मामांनी, आता आपल्याला तीन जिने उतरवत नाहीत या सबबीवर, आपली 1987 सालची प्रीमियर पद्मिनी सर्व कागदपत्रांसह मला बहाल केली. या दोन घटनांपैकी पहिलीने मला मोकळा वेळ मिळाला आणि दुसरीने तो कायमचा जप्त केला, असे आमच्या घरात एकमताने मानले जाते. मामांनी ती गाडी देवघरातल्या समईसारखी जपली होती. दर रविवारी गिरगावातून दादरला जायचे, चौपाटीवर वारा खायचा आणि परत यायचे, एवढाच तिचा प्रपंच. परिणामी, पस्तिशी गाठलेल्या त्या गाडीने आयुष्यात एकदाही घाट पाहिला नव्हता, आणि अशा गाडीच्या नशिबी कुडाळ आले, जिथून सावंतवाडीला जायचे म्हटले तर फारसे अडत नाही, परंतु सासुरवाडी बेळगावला असेल तर आंबोली चुकत नाही.

आंबोलीची उंची सुमारे 690 मीटर. दाणोली मागे पडली की रस्ता अंग पिळू लागतो, आणि 2023 सालच्या दिवाळीत, भाऊबिजेसाठी निघालेले आमचे कुटुंब, दोन पिशव्या करंज्या आणि एक डबा सोलकढीचा आगळ घेऊन तिसऱ्या की चौथ्या वळणावर पोहोचले असता पद्मिनीने दुसरा गिअर परस्पर सोडून दिला. सोडून दिला म्हणजे, मी घातलेला गिअर कोणाचीही परवानगी न घेता आपल्या जागेवरून उठून गेला. मी तो पुन्हा घातला, तो पुन्हा उठला. शेवटी सौभाग्यवतींनी डाव्या हाताने गिअरचा दांडा दाबून धरला, मी उजव्या हाताने गाडी सांभाळली, आणि दोघांच्या संयुक्त सहीने निघालेल्या त्या हुकमाचाही अंमल झाला नाही, तेव्हा मंडळी खाली उतरली व मागच्या चाकांना दगड लावून दरीकडे पाहत बसली. शेजारून जाणाऱ्या एस.टी.तील प्रवासी आमच्याकडे ज्या करुणेने पाहत होते, ती करुणा मी पूर्वी फक्त पेन्शनच्या खिडकीसमोरील रांगेत, आणि तीही आतल्या बाजूने, अनुभवली होती.

या गाडीची कुळकथा थोडक्यात सांगितली पाहिजे. वालचंद हिराचंदांनी 1944 साली स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाटची 1100 ही गाडी बनू लागली, आणि 1974 पासून तिने चितोडच्या राणीचे नाव धारण केले. इंजिन 1089 घनसेंटिमीटरचे, चार सिलिंडरांचे. जोर सुमारे चाळीस घोड्यांचा. गिअर चार, आणि तेही पायापाशी नव्हे तर स्टिअरिंगच्या दांड्याला लटकलेले, ज्याला गॅरेजात ‘हँडलचा गिअर’ म्हणतात. हा दांडा वर हलवला की खाली कुठेतरी दोन सळ्या हलाव्यात, सळ्यांनी बुश हलवावेत व त्यांनी गिअरबॉक्सला वर्दी द्यावी, अशी ती व्यवस्था. आमच्या शेजारच्या पिंगुळीत ठाकर मंडळी पिढ्यान्‌पिढ्या कळसूत्री बाहुल्या नाचवीत आली आहेत. तेथे वर बोट हलले की खाली बाहुलीचा हात हलतो. माझ्या गाडीत वर हात हलला की खाली गिअर हलेलच अशी शाश्वती नव्हती, आणि हलला तर तो त्याच आख्यानातला असेल, याचीही नव्हती.

मेस्त्रींनी गाडी उलटसुलट करून पाहिली. आमचे मेस्त्री अबोल. पानाचा विडा एका गालातून दुसऱ्या गालात जाईपर्यंत त्यांचे निदान बाहेर पडत नाही.

“काकानू,” अखेर ते म्हणाले, “गाडी वायट नाय. पण इंजिनात आसा तो जीव चाकापर्यंत पोचना नाय. वाटेत सांडता.”

छत्तीस वर्षे ज्याने सरकारी अनुदानांच्या रकमा तिजोरीतून निघून लाभार्थ्यापर्यंत जाताना पाहिल्या आहेत, त्याला या वाक्याचा अर्थ फोड करून सांगण्याची आवश्यकता नव्हती. यंत्रशास्त्रातले मला काही कळत नव्हते. तथापि त्या क्षणी मोटारीची सगळी रचना माझ्या डोळ्यांपुढे लख्ख उभी राहिली. इंजिन म्हणजे खजिना. क्लच म्हणजे मंजुरी देणारा अधिकारी, जो मधे बसून आहे तोवर रक्कम पुढे सरकत नाही. गिअरबॉक्स म्हणजे वाटपाची शाखा: रस्ता सपाट असेल तेव्हा थोड्या जोराने पुष्कळ फेरे, आणि चढ आला की थोडे फेरे पण प्रत्येकात दाबून पीळ. तेथून प्रॉपेलर शाफ्ट नावाचा लांबलचक नळ, दोन्ही टोकांना ‘क्रॉस’ म्हणून ओळखले जाणारे सांधे, हे टपालखाते. आणि सर्वांत शेवटी, मागच्या आसाच्या पोटात, डिफरन्शियल. त्याचे काम वारसांत वाटणी करण्याचे. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त चालावे लागते, आतल्याला कमी, म्हणून दोघांना ज्याच्या त्याच्या गरजेप्रमाणे फेरे देणारी ही यंत्रणा न्यायी आहे खरी. परंतु एक चाक चिखलात गेले की ती सगळेच्या सगळे फेरे त्या चाकाला देते, आणि कोरड्या जमिनीवर उभा असलेला दुसरा भाऊ हात हलवीत पाहत राहतो. कोकणातल्या सामाईक आगराच्या वाटणीचे दावे ज्यांनी वाचले आहेत त्यांना अभियंत्यांची ही युक्ती नवी वाटणार नाही.

आता इलाज. मेस्त्रींचा पहिला सल्ला धाडसी होता: जुने इंजिन उतरवून ‘वन एटीन’चे घालावे. यात अधर्म काही नव्हता, कारण मोटारींच्या बाबतीत हा देश अवयवरोपणावरच जगला आहे. उत्तरपाड्याची अँबॅसडर अंगाने इंग्रज मॉरिस. उतारवयात तिच्या छातीत जपानच्या इसुझूचे 1800 सी.सी.चे हृदय बसवण्यात आले, आणि म्हातारी एकाएकी उड्या मारू लागली. अमेरिकेच्या पेट्रोलवर वाढलेल्या विलिस जीपला आपण ट्रॅक्टरच्या जातीचे डिझेल इंजिन पाजून मार्गाला लावले. आणि खुद्द प्रीमियरने 1985 साली बाजारात आणलेली 118 एन.ई. पाहावी: आराखडा इटलीच्या फियाट 124 चा, साचे स्पेनच्या सिआट कंपनीने वापरून झालेले, इंजिन आणि गिअरबॉक्स जपानच्या निस्सानचा, आणि जन्म कुर्ल्याचा. काटकसरीने केलेला एवढा मोठा आंतरराष्ट्रीय संसार मी दुसरा पाहिलेला नाही. या निस्सान इंजिनाचे आकारमान 1171 घनसेंटिमीटर. वजाबाकी केली असता माझ्या इंजिनापेक्षा ते 82 घनसेंटिमीटरने मोठे, म्हणजे बरोबर एका कटिंग चहाइतके, हे माझ्या लक्षात आले. आणि एवढ्या एका कटिंगच्या जोरावर आंबोली चढता येईल या कल्पनेने मला त्या रात्री झोप लागली नाही.

सकाळी, छत्तीस वर्षांच्या सवयीने, मी आधी आर.टी.ओ.च्या कचेरीत कायद्याची विचारपूस करण्यास गेलो. खिडकीमागील गृहस्थ सभ्य होते. त्यांनी 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 कडे माझे लक्ष वेधले: नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा फेरफार मालकास करता येत नाही. इंजिनाचा क्रमांक प्रमाणपत्रात छापलेला, चेसिसचाही. तेव्हा कटिंग चहाची बाब नामंजूर. मी अदबीने विचारले, “आणि गिअरबॉक्स?” त्यांनी माझे प्रमाणपत्र उलटून पाहिले, पुन्हा सुलटे केले, चष्मा पुसला. गिअरबॉक्सचा रकानाच नव्हता. ज्या वस्तूला रकाना नाही तिला सरकारच्या लेखी अस्तित्व नाही, आणि जिला अस्तित्व नाही तिच्यात फेरफार होणार तरी कसा? आम्ही दोघे कारकून एकमेकांकडे पाहून असे हसलो की मागच्या रांगेतील इसमाला आमच्यात काही देवघेव झाली असे वाटले असावे.

घरी येऊन मी अंदाजपत्रक मांडले. एकूण तरतूद 40,000 रुपये. उगम, मुदत पुरी झालेली एक ठेव व त्या वर्षीची काजू बी. यातले काही आधीच गेल्यासारखे होते, कारण पंधरा वर्षे उलटलेल्या मोटारीची फेरनोंदणी, जी 600 रुपयांत होत असे, तिला 1 एप्रिल 2022 पासून 5,000 रुपये पडू लागले, आणि माझी पाळी नेमकी त्याच साली आली होती; त्या खर्चाची सल ताजी होती. मन आवरण्यासाठी मी लालबहादुर शास्त्रींचे स्मरण केले. पंतप्रधानपदी असताना त्यांनी फियाट घेतली तेव्हा किंमत 12,000 होती, गाठीशी 7,000, आणि उरलेल्या 5,000 साठी त्यांनी पंजाब नॅशनल बँकेकडे कर्जाचा अर्ज केला होता. देशाच्या पंतप्रधानांना जे जमले ते उपकोषागारातील अव्वल कारकुनास जमण्यास हरकत नसावी. गिअरबॉक्स, क्लच प्लेट, इंजिनाचे बोअर, मेस्त्रींची मजुरी, अशी शीर्षे पाडून शेवटी ‘आकस्मिक खर्च, रुपये 500’ लिहिले व कागद सौभाग्यवतींपुढे ठेवला. त्यांनी तो पाहिला, आकस्मिक खर्चाच्या रकान्यावर बोट ठेवले, आणि काही न बोलता कांदा चिरू लागल्या. सभागृहाचे मौन मी मंजुरी समजलो. ती माझी चूक होती, हे पुढे वेळोवेळी निदर्शनास आणून देण्यात आले.

गिअरबॉक्स कोठला घ्यावा याचा निवाडा खुद्द कंपनीनेच करून ठेवला होता. पद्मिनीच्या अखेरच्या दिवसांत, ‘एस वन’ नावाच्या आवृत्तीत, तिला 118 च्या धर्तीचा जमिनीवरचा गिअर मिळाला होता, आणि इंजिन मात्र तेच जुने 1089. म्हणजे आईच्या पेटीतले दागिने मोडून थोरलीला जे घडवले तेच धाकटीच्या अंगावर. तो डबा माझ्या इंजिनाला विनातक्रार बसणार होता. मिळण्याचे ठिकाण अर्थातच कुर्ला. जेथे ही गाडी जन्मली त्याच कुर्ल्यात, सी.एस.टी. रस्त्याच्या कडेला, तिचे अस्थिविसर्जनही होते. जन्मभूमी आणि मोक्षभूमी यांच्यात एवढे थोडे अंतर असण्याचे भाग्य काशीकरांनाच लाभते. त्यातून मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी म्हणून नोंदली गेली ती 29 ऑक्टोबर 2003 रोजी ताडदेवला, व वीस वर्षांची मुदत भरताच 2023 च्या ऑक्टोबरअखेर काळ्यापिवळ्या पद्मिनीची सद्दी कायद्याने संपली. त्यामुळे 2024 च्या मे महिन्यात मी तेथे पोहोचलो तेव्हा माल मुबलक होता. प्रत्येक दुकानदाराने शपथेवर सांगितले की आपल्याकडील गिअरबॉक्स टॅक्सीतला नाही. एका डॉक्टरीणबाईंच्या गाडीतून तो निघाल्याचे मला चार दुकानांत सांगण्यात आले. त्या बाईंकडे किती गाड्या होत्या याची मी चौकशी केली नाही.

वाशीच्या बाजारात हापूस उतरवून रिकामा परतणारा एक ट्रक मिळाला, आणि माझा गिअरबॉक्स आंब्याच्या पेट्यांच्या पेंढ्यात लपेटून कुडाळला आला. मेस्त्रींनी झाकण उघडले तेव्हा जुन्या तेलाच्या उग्र दर्पातून पिकल्या आंब्याचा घमघमाट सुटला. “पिकलो आसा,” एवढेच ते म्हणाले, आणि हे गिअरबॉक्सविषयी होते की आंब्याविषयी याचा खुलासा झाला नाही. इंजिनाचा ठोकळा, कोल्हापूरहून भाजी घेऊन येणाऱ्या टेम्पोने, परतीच्या भाड्यात, घाटावर गेला. कारण सिलिंडर घासून द्यावेत तर ते शिवाजी उद्यमनगरातल्या कारागिरांनी. मूळ भोक 68 मिलिमीटरचे, दट्ट्याची धाव 75 ची. घासून घासून ते 69 चे झाले व त्या मापाचे नवे पिस्टन बसले. रात्री सहज पाटी-पेन्सिल घेऊन गणित केले तो इंजिनाचे आकारमान 1122 च्या घरात गेलेले! नाकारलेल्या कटिंग चहातले 33 घनसेंटिमीटर, म्हणजे दोन घोट, मला निव्वळ झिजेपायी मिळाले होते. नोंदणीत मात्र 1089 च. माझे सचोटीचे कारकुनी मन दोन दिवस बेचैन होते. तिसऱ्या दिवशी, झीज ही दैवी आपत्ती होय असा निष्कर्ष काढून मी फाइल दप्तरदाखल केली.

गिअर जमिनीवर आला म्हणजे त्याच्या दांड्याला वर येण्यासाठी जमिनीला भोक पाडणे आले. मेस्त्रींनी ते छिन्नीने पाडले, भोवती रबराचा गळपट्टा बसवला, आणि गळपट्टा जुन्या गाडीचा असल्याने तीन बाजूंनी बसला. चौथ्या बाजूने जून महिना आत आला. कोकणातला पाऊस वरून पडतो ही घाटावरच्या लोकांची समजूत. आमच्याकडे तो रस्त्यावरून उसळून खालूनही पडतो, आणि येताना जांभ्या दगडाची तांबडी माती बरोबर आणतो. त्या पावसाळ्यात माझ्या पायजम्याची डावी नळी, मंगळागौरीत फुगडी घालून आल्यासारखी, घोट्यापर्यंत मेंदीच्या रंगात रंगलेली असे. वेग दाखवणारा काटाही बिघडला, कारण त्याची दोरी ज्या दातऱ्यावरून फिरे तो दातरा नव्या डब्यात निराळा होता: गाडी पन्नासने जाताना काटा सत्तर सांगू लागला. सौभाग्यवतींनी हा एकच बदल पूर्ण समाधानाने स्वीकारला, कारण काट्याकडे बोट दाखवून मला हळू चालवण्यास सांगणे आता त्यांना दर मैलाला शक्य झाले.

परंतु गाडी धावू लागली, हे नाकारता येणार नाही. गिअर लोण्यात सुरी जावी तसा पडे. घातलेला जागेवर राही. पिंगुळीचा चढ ती पूर्वी आळवीत जाई, तो आता एका दमात म्हणू लागली. मुंबईकर चतुर्थीला, म्हणजे 7 सप्टेंबरला, येण्याआधी सर्व आटोपले, आणि स्टेशनावरून चाकरमानी पाहुण्यांच्या दोन खेपा झाल्या. तिसऱ्या खेपेला झारापच्या अलीकडे, पाच माणसे, तीन बॅगा आणि गणपतीच्या माटोळीसाठी घेतलेली कवंडळे यांच्यासह, मागून बंदुकीचा बार झाला. क्रॉस तुटला होता. मेस्त्री आले, वाकले, उठले.

“आता जीव सांडना नाय,” ते म्हणाले. “म्हणान ह्यो मेलो.”

म्हणजे असे की, इंजिनाचा जोर पूर्वी वाटेतच सांडत असल्याने पुढच्या सगळ्या कर्मचाऱ्यांचे आयुष्य सुखात गेले होते. सबंध रक्कम एकदम हातात आल्यावर टपालखात्याला भोवळ आली. नवे क्रॉस घातले, शाफ्ट लेथवर समतोल करून आणला, आणि पहिली पुरवणी मागणी घरच्या सभागृहात मांडली. ती चर्चेविना संमत झाली. दिवाळीच्या सुमारास मागच्या पोटातून शंख फुंकल्यासारखा आवाज येऊ लागला, दशावतारी नाटकात संकासुर प्रवेश करण्यापूर्वी यावा तसा, वेगाप्रमाणे पट्टी बदलणारा. क्राउन-पिनियनचे दात बोलत होते. दुसरी पुरवणी मागणी. या वेळी चर्चा झाली. चर्चेचा गोषवारा येथे देत नाही. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही असे आपण म्हणतो. माझ्या गाडीत पीळ अगदी शाबूत होता, जळत होता तो सुंभ, आणि तो काजूच्या भावाने पेट घेई.

तरीही भाऊबिजेला मी निघालो. करंज्या त्याच, आगळ तोच. दाणोली गेली, घाट लागला, दुसरा गिअर पडला आणि तो अगदी वरपर्यंत, सासऱ्यांच्या शब्दासारखा, टिकला. गेल्या वर्षी जेथे दगड लावून बसलो होतो ते वळण आले तेव्हा मी मुद्दाम भोंगा वाजवला. सौभाग्यवती खिडकीबाहेर पाहत होत्या. तरी त्यांच्या चेहऱ्यावर, मी अनेक वर्षांत न पाहिलेले, कौतुकाच्या जातीचे काहीतरी क्षणभर चमकून गेले.

परतताना तेच कौतुक माझ्या डोक्यात होते. अशा नव्या गिअरबॉक्सचा मालक उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये रखडत जातो काय? मी टॉप गिअर टाकला व गाडी सोडली. वेगाच्या काट्याने शंभर दाखवले, जे माझ्या त्रैराशिकाने सत्तरच्या घरात. पाय ब्रेकवर ठेवला, तो लागला. पुन्हा ठेवला, थोडा कमी लागला. पाचव्या वळणावर चारही चाकांतून, बंद डब्यात चप्पल जाळावी तसा वास आला, आणि पायाखालचे पेडल मऊ लोडासारखे खाली गेले. पद्मिनीचे ब्रेक ड्रमचे. तापले की पकड सोडतात. ते चाळीस घोड्यांच्या, तीही वाटेत निम्मी सांडणाऱ्या, गाडीसाठी घडवलेले होते. हातब्रेक, दुसरा गिअर आणि डोंगराच्या बाजूची गटारवजा चर यांच्या साह्याने आम्ही थांबलो. मंडळी उतरली, दगड शोधू लागली. दगड शोधावे लागले नाहीत. गेल्या वर्षीचे आमचेच तेथे पडलेले होते. फक्त ते आता पुढच्या चाकांना लावावे लागले.

मी मेस्त्रींना फोन लावला व झाल्या प्रकाराची कैफियत सविस्तर मांडली. विडा एका गालातून दुसऱ्या गालात जाईपर्यंत पलीकडे शांतता होती.

“म्हणजे घाट चढली?” त्यांनी विचारले.

“चढली.”

“मगे मेल्यांनू पेढे खंय आसत?”

सौभाग्यवतींनी पर्समधून माझी अंदाजपत्रकाची वही काढली, जी त्यांच्याकडे कशी आली हे मला कळले नाही, आणि आकस्मिक खर्चाच्या रकान्यातले 500 खोडून त्यांनी त्यापुढे काही लिहिले. आकडा त्यांनी मला दाखवला नाही. दरीत धुके भरत होते, आणि मागून येणारी एस.टी. आमच्यासाठी वेग कमी करीत होती.